ब्रेकवाल्या दाजींचा उजवा पाय

दाजींच्या उजव्या पायातली जाणीव गेली आहे हे सगळ्यात आधी मला कळलं, आणि तेही माझ्याच खिळ्यामुळे. मी गाड्यांची सीटकव्हरं शिवतो. माझं दुकान आणि दाजींचं गॅरेज यांच्यामध्ये भिंत नाही, फरशीवर मारलेली एक पिवळी रेघ आहे, आणि माझे बारके खिळे ती रेघ मानत नाहीत. दाजी कामावर कायम अनवाणी. खिळा टोचला की माझा उद्धार ठरलेला. तुझ्या बहिणीशी लग्न केलं ते काय पायाची चाळणी करून घ्यायला, हे मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

त्या दिवशी सकाळपासून शिवी नाही. पाणी प्यायला उठलो तर फरशीवर लाल ठिपके, त्यांच्या टेबलापासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून परत टेबलापर्यंत. दाजी बोनेटमध्ये वाकून शीळ वाजवत होते आणि त्यांच्या तळव्यात माझा खिळा टोपीपर्यंत रुतलेला होता. मी खाली बसून पकडीनं तो उपटला. त्यांनी वळून विचारलं, काय रे, खाली काय शोधतोयस? मी खिळा वर धरून दाखवला. ते त्या खिळ्याकडे बघत राहिले आणि त्यांची शीळ थांबली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी दाजी म्हणायचो म्हणून हळूहळू सगळा रस्ताच त्यांना दाजी म्हणायला लागला. लहानपणी ते एका लोहाराकडे पायानं भाता हाणायचे, पुढे बसच्या डेपोत गाड्या धुवायला लागले, तिथून ब्रेककडे वळले आणि तिथंच थांबले. इंजिनाला हात लावायचे नाहीत. गाडी पळवायला कुणीही शिकवेल, थांबवायची असेल तर माझ्याकडे या, असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे. ताईची आणि त्यांची गाठ पडली तीही ब्रेकमुळेच. ताई उतारावरून सायकल घेऊन थेट त्यांच्यावर आदळली. दुसऱ्या कुणी चार शब्द सुनावले असते. यांनी फुटलेलं कोपर तसंच ठेवून आधी सायकलचा ब्रेक बघितला. ताई म्हणते, मी तेव्हाच ओळखलं, हा माणूस वेडा आहे, पण कामाचा आहे.

त्यांची एक पद्धत होती. ब्रेकचं काम संपलं की घमेल्यात साबणानं उजवा पाय धुवायचा, कोरडा करायचा आणि ड्रायव्हरच्या जागी एकट्यानं बसायचं. मग आम्ही सगळ्यांनी तोंडं बंद ठेवायची. दाजी डोळे मिटून पेडलवर पाय टेकवायचे. पेडल दाबल्यावर पहिल्यांदा अगदी थोडी, केसभर म्हणावी अशी, पोकळ चाल असते. तिथे काहीच लागत नाही. त्यानंतर ब्रेक धरतो. ती पोकळ चाल आहे की नाही, किती आहे, हे दाजी तळव्यानं सांगायचे. समाधान झालं की गाडीच्या टपावर थाप मारून "झालं" म्हणायचे. तो शब्द ऐकल्याशिवाय एकही मालक चावी घ्यायचा नाही. लांबलांबून जुन्या गाड्यांचे शौकीन यायचे ते त्या शब्दासाठी.

खिळ्याचं मी ताईच्या कानावर घातलं. ताईनं त्यांना डॉक्टरकडे ओढून नेलं. डॉक्टर म्हणाले, साखरेनं पायाच्या नसा मारल्यात, उजव्या जास्त, डाव्या थोड्या. जखमा सांभाळा, चप्पल घाला, गेलेली जाणीव परत येणार नाही. घरी येऊन दाजींनी चप्पल घातली खरी, पण आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं की हे पिवळ्या रेघेच्या बाहेर जाता कामा नये.

मी म्हटलं, ठीक आहे, नका सांगू कुणाला, पण आता पायावर विसंबू नका. इतर गॅरेजवाले मापानं काम करतात. काहीजण ब्रेकच्या आतल्या दांडीच्या टोकाला मळलेल्या मातीची गोळी लावतात, जोडतात, परत उघडतात आणि गोळी किती चेपली ते बघतात. त्यात लाज कसली? दाजी हसले. ती पोरांची कामं आहेत म्हणाले. मग डाव्या पायानं बघा, मी म्हटलं. त्यावर म्हणाले, डाव्याला ब्रेकची भाषा येत नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आणि उजवा मुका झालाय त्याचं काय? ते उठून गेले. ताईनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं. माझं तोंड फाटकं आणि शिलाई पक्की असं तीच म्हणते, पण त्या दिवशी तिनं तोंडही शिवलं.

त्यानंतर गाड्या येत राहिल्या आणि दाजी पाय धुवून बसत राहिले. मी माझ्या मशीनवरून बघायचो. पूर्वी एकदा टेकवून कळायचं ते आता दोनदा, तीनदा दाबूनही त्यांच्या चेहऱ्यावर उमटत नसे. ओठ घट्ट, कपाळावर घाम. मग एकदम टपावर थाप आणि "झालं". गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. घाबरलो होतो मी, सरळ सांगतो. माझ्या हातून टाका चुकला तर सीट उसवते. यांच्या हातून चुकलं तर काय होतं ते शिकवायला कुणी लागत नाही.

आणि अशात कोर्टबाईंची गाडी आली. कोर्टबाई म्हणजे कोर्टात लघुलेखनाचं काम करून निवृत्त झालेल्या बाई. गाडी त्यांच्या वडिलांची, मलईच्या रंगाची, बोनेट एवढं मोठं की वर अंथरूण घालून झोपावं. बाई ती स्वतः चालवायच्या, आणि आमच्या रस्त्यावरच्या पुष्कळ पुरुषांपेक्षा बरी चालवायच्या. तक्रार अशी की ब्रेक दगडासारखा झालाय, दोन्ही पायांनी उभं राहावं तेव्हा गाडी थांबते, आणि पायापाशी साप असल्यासारखा फुस्स आवाज येतो.

दाजींनी ऐकल्याबरोबर सांगितलं, बूस्टर गेला. बूस्टर म्हणजे पेडलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला बसवलेला गोल पत्र्याचा डबा. इंजिन त्यातली हवा ओढून घेतं आणि त्या ओढीमुळे आपल्या पायाला जोर मिळतो. आतला रबरी पडदा फाटला होता. तसा डबा बाजारात कुठे मिळणार? बाईंनी खटपट करून लांबून नवा मागवला. तो त्या गाडीचा नव्हता, तिच्या धाकट्या बहिणीचा म्हणावा असा. बसत होता, पण आतली दांडी जुळवून घ्यावी लागणार होती.

दाजींचं काम बघण्यासारखंच होतं, त्याला माझा राग आडवा येऊ देणार नाही. पुढचा मास्टर सिलेंडर, म्हणजे ब्रेकचं तेल चाकांकडे दाबणारा, त्यांनी नळ्या न सोडता अलगद बाजूला सरकवला. मग पेडलच्या खाली उताणे पडून पेडलच्या दांडीची पिन काढली, पेडलपुढच्या पत्र्यातले नट सोडले आणि जुना डबा तान्हं मूल उचलावं तसा बाहेर काढला. नवा बसवला. नव्या डब्यातून पुढे सिलेंडरला ढकलणारी दांडी स्क्रूनं लांब-आखूड करता येते. आखूड राहिली तर पेडल खोल जातं. लांब झाली तर त्याहून वाईट. पाय काढला तरी दांडी आतून थोडी दाबतच राहते. ब्रेक चाकाला चिकटून राहतो, चाक तापतं, तेल तापतं, आणि तेल उकळलं की उतारावर पेडल पोकळ होऊन तळाला जातं. हे मला दाजींनीच शिकवलेलं. दांडीला ते बेइमान नोकर म्हणायचे. कमी काम करणारा परवडला, नको तेव्हा करणारा नको.

त्यांनी स्क्रू फिरवला, जोडलं, पाय धुतला, बसले. डोळे मिटले. बराच वेळ पेडल दाबत राहिले. परत उतरले, स्क्रू अजून थोडा फिरवला, परत बसले. मी सुई धरून नुसता उभा. शेवटी टपावर थाप पडली.

"झालं," दाजी म्हणाले.

बाईंना डोंगरापलीकडे आपल्या बहिणीकडे जायचं होतं. वाटेत माझ्या भाचीचं गाव लागतं. भाची पोटुशी आहे, दिवस भरत आलेत, आणि ताई कधीपासून तिच्याकडे जायचं म्हणत होती. बाई तिला म्हणाल्या, चला की माझ्याबरोबर, मलाही सोबत होईल. आणि ताई हो म्हणाली. माझ्या बहिणीनं, जिला त्या पायाचं सगळं ठाऊक होतं, हो म्हटलं. मी तिला गॅरेजमागे गाठलं आणि वाट्टेल ते बोललो. तुझं डोकं ठिकाणावर आहे का, तो घाट बघितलायस का, एका बाजूला दरी आहे. ती शांतपणे म्हणाली, तू तुझी सीटं बघ.

निघायच्या दिवशी ताई पिशवी घेऊन गाडीपाशी आली. दाजी बोनेट पुसत होते. तिनं पिशवी खाली ठेवली नाही. "अहो, एकच विचारते," ती म्हणाली. "तुमच्या पायाला कळलं ना?"

मला वाटलं, आता तरी. बायको विचारतेय, अख्खा रस्ता ऐकत नाहीये, मी तोंड बंद ठेवून आहे. नुसतं नाही म्हटलं असतं तरी पुरे होतं. दाजींनी फडकं झटकलं. कळलं, म्हणाले. ताईनं मान डोलावली, दार उघडलं आणि बाईंच्या शेजारी पुढे जाऊन बसली. दाजींचा चेहरा पांढरा पडला. मग मागचं दार उघडून ते आत शिरले. मुलीला भेटून बरेच दिवस झाले, मीही येतो, असं काहीतरी पुटपुटले. अरे वा रे शहाण्या, मी मनात म्हटलं, मरायची तयारी आहे पण बोलायची नाही. आणि मीही दुसऱ्या बाजूनं घुसलो. बहीण दरीत जायची असेल तर मी मागे राहून काय शिवू? निदान सीट तरी माझ्या हातची होती.

सपाटीवर गाडी झकास चालली. बाई ब्रेकचं कौतुक करत होत्या. पाय ठेवला की लगेच लागतोय, जरासुद्धा वाट बघावी लागत नाही. दाजी नेहमी असं ऐकून मिशीत हसायचे. त्या दिवशी ते खिडकीबाहेर बघत होते. पुढे चढ लागला. वळणं सुरू झाली, झाडं विरळ झाली, खालची घरं बारीक होत गेली. बाई म्हणाल्या, गाडी आज जड वाटतेय, चौघं बसलोय म्हणून असेल. मी दाजींच्या पायाकडे बघत होतो. चपलेतून बाहेर आलेला उजवा पाय गाडीच्या फरशीवर आपोआप दाबत होता, जणू पेडल तिथंच होतं.

मग वास आला. जळका, उग्र, जुन्या लोकरीचं कापड इस्त्रीखाली राहिल्यासारखा. मला आला म्हणजे दाजींना आधी आला असणार. त्यांचं नाक शाबूत होतं. मी त्यांच्या मांडीवर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला केला नाही, आणि तोंडही उघडलं नाही. ताई पुढे ताठ बसलेली. मला तिची फक्त वेणी दिसत होती. त्या क्षणी मला दाजींचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही.

घाटमाथ्यावर थोडी सपाट जागा आहे. तिथून पुढे सगळा उतारच. बाईंनी गाडी तिथे बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, चावी काढून हातात धरली आणि मागे वळल्या. कोर्टात जन्म गेलेली बाई. आवाज चढला नाही, उतरला नाही.

"दाजी, तुमच्या पायाचं ताईंनी मला निघायच्या आधीच सांगितलंय," त्या म्हणाल्या. "चढावर ब्रेक फारसा लागत नाही, म्हणून इथपर्यंत यायचं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. आता पुढे उतार आहे. तुम्ही सांगा, उतरू का?"

मला मेल्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं! जीव मुठीत धरून बसलो होतो मी, आणि या दोघी आपसांत ठरवून मोकळ्या. पण बोलायची ती वेळ नव्हती. ताईनं मागे वळून बघितलंसुद्धा नाही. तिचे खांदे हलत होते, त्यावरून कळलं की ती रडतेय.

दाजी उतरले. पुढच्या चाकापाशी बसले आणि हात जवळ नेला. लावावा लागलाच नाही. वीतभर अंतरावरूनच त्यांनी तो मागे घेतला. मला म्हणाले, गाडी ढकल. बाईंनी गिअर सोडला, मी मागून जीव खाऊन ढकललं. गाडी जागची हलेना. चाकांना दगड लाव म्हणाले, ते लावले. मग त्यांनी बोनेट उघडलं, पाना घेतला आणि सिलेंडर ज्या दोन नटांनी बूस्टरला आवळलेला असतो ते दोन्ही थोडे सैल केले. सिलेंडर किंचित पुढे सरकला. परत ढकल म्हणाले. या वेळी गाडी लोण्यातून सुरी जावी तशी हलली आणि दगडांना टेकली.

म्हणजे दांडी लांब होती. पाय काढल्यावरही दाबत होती. हे त्यांनीच आपल्या हातानं, आमच्या तिघांसमोर सिद्ध करून दाखवलं होतं आणि आता नाही म्हणायला जागा उरली नव्हती. दाजी बोनेटला टेकून उभे राहिले. मला वाटलं, आता बायकोची माफी मागतील, बाईंची मागतील. माफीची सगळी वाक्यं मी त्यांच्या वतीनं मनात तयारही केली होती.

"चांगला लागतोय म्हणजे लागूनच राहिलाय," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मेव्हण्या, शाळेच्या व्हॅनवाल्याला फोन लाव."

एकदम माझ्या लक्षात आलं नाही. ताईच्या आलं. ती दार उघडून बाहेर आली आणि गाडीला धरून उभी राहिली. शाळेच्या व्हॅनचा बूस्टरही दाजींनीच बदलला होता, खिळ्याच्या नंतर. त्यावरही थाप पडली होती. त्यालाही "झालं" म्हणाले होते.

दाजींचे हात तेलानं माखलेले, म्हणून फोन मी धरला, आवाज मोठा करून. व्हॅनवाला खुशीत होता. शाळेच्या फाटकातच उभा आहे म्हणाला, मुलं बसतायत. दाजींनी विचारलं, ब्रेक कसाय? तो म्हणाला, काय सांगू दाजी, पाय ठेवायचा अवकाश, गाडी जागेवर. तुमच्या पायाला तोड नाही. फक्त अलीकडे व्हॅन जरा जड ओढते, डिझेल जास्त खाते, इंजिनवाल्याला दाखवायचीय.

दाजींनी डोळे मिटले. मग त्याला म्हणाले, खाली उतर, पुढच्या चाकाजवळ हात ने. तो कुरकुरला, उशीर होतोय म्हणाला. आधी बघ, दाजी म्हणाले. दार उघडल्याचा आवाज आला, पाठीमागे पोरांचा कलकलाट, आणि मग व्हॅनवाल्याची एक हुंकारासारखी शिवी.

"मुलांना उतरव," दाजी म्हणाले. "सगळ्यांना. माझ्या उजव्या पायाला काही कळत नाही. कधीचंच कळत नाही. मी तसाच झालं म्हणालो."

ते त्यांनी हळू नाही, मोठ्यानं म्हटलं. जे एक वाक्य बोलायला नको म्हणून त्यांनी ताईला त्या गाडीत बसू दिलं होतं ते वाक्य घाटमाथ्यावर उघड्यावर पडलं आणि आभाळ काही कोसळलं नाही. फोनमधून मुलं उतरल्याचे आवाज येत राहिले, दप्तरं आपटल्याचे, कुणीतरी आज घरी चालत जायचं का म्हणून विचारत होतं. ताईनं पदरानं तोंड पुसलं आणि दाजींच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मला वाटलं संपलं एकदाचं. मी फोन खिशात घालायला लागलो.

"ठेवू नकोस," दाजी म्हणाले. "आता दूधवाल्याच्या टेम्पोला लाव."

त्यालाही खिळ्यानंतरच नवा बूस्टर बसवला होता. दूधवाला रोज त्या सुमाराला रिकामे कॅन घेऊन परत फिरतो, आणि त्याची परतीची वाट याच घाटातून, समोरचा उतार उतरून जाते. मी नंबर लावला. बाई रस्त्याच्या कडेला जाऊन खाली वळणांकडे बघायला लागल्या. फोनची रिंग वाजत होती. कुणी उचलेना. बंद झाली तसा दाजी म्हणाले, परत लाव, आणि मी परत लावला.